गिधाडाचे मूत्रपिंड आणि आपली वेदनाशामक गोळी

रायगडच्या किनारपट्टीवर ज्यांचे बालपण गेले, त्या आज सत्तरी ओलांडलेल्या वाचकांना गिधाड कसे असते हे सांगावे लागत नाही. गावात बैल किंवा म्हैस दगावली की ती गावाबाहेरच्या ठरलेल्या जागी नेऊन टाकीत. थोड्याच वेळात आकाशात घिरट्या सुरू होत आणि दिवस मावळण्याच्या आत तेथे हाडांखेरीज फारसे काही उरत नसे. त्या पक्ष्याविषयी कोणाला विशेष जिव्हाळा होता असे नाही. पण तो नाहीसा होईल, असेही कोणाच्या स्वप्नात नव्हते. आज याच वाचकांच्या नातवंडांनी गिधाड पाहिले असेल, तर बहुधा पुस्तकातील चित्रातच.

ज्येष्ठांच्या आरोग्याला वाहिलेल्या या सदरात गिधाडाचे काय काम, असा प्रश्न वाचकांना पडेल. गिधाडांचा घात ज्या औषधाने केला, ते औषध आपल्यापैकी अनेकांच्या घरी, गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या डब्यात, या क्षणीही असण्याचा संभव आहे. त्याचे नाव डायक्लोफेनॅक. एकाच औषधाने एका देहाला आराम पडावा आणि दुसऱ्या देहाचा अंत व्हावा, याचे कारण समजून घेतले तर आपल्या वयोमानानुसार औषध कसे घ्यावे, हेही उमगते.

संशय विषाणूवर, गुन्हेगार औषध

भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात ही घट नोंदवली, तेव्हा प्रथम संशय आला तो एखाद्या विषाणूचा. तो संशय अवास्तव नव्हता. पक्षी माना खाली टाकून फांद्यांवर निपचित बसत आणि काही दिवसांनी मरून पडत. एवढ्या मोठ्या प्रदेशात इतक्या झपाट्याने पसरणारी गोष्ट म्हणजे साथीचा रोगच, असे कोणालाही वाटले असते.

मृत पक्ष्यांचे विच्छेदन केल्यावर मात्र वेगळेच दृश्य दिसले. हृदय, यकृत आणि मूत्रपिंड यांवर खडूची भुकटी शिंपडावी तसे पांढरे थर होते. ते युरिक आम्लाचे स्फटिक होते. मूत्रपिंडे निकामी झाल्याने रक्तातले युरिक आम्ल बाहेर पडू शकले नव्हते आणि ते अवयवांवर साचले होते. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेल्या अभ्यासात, असे थर आढळलेल्या २५ पैकी २५ गिधाडांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफेनॅकचा अंश सापडला. इतर कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही तो नव्हता. २००४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि कोडे सुटले. आजारी गुराला वेदना व सूज कमी होण्यासाठी हे औषध टोचले जाई. ते गुरू दोन-चार दिवसांत दगावले तर औषधाचा अंश मांसात राही. आणि त्या मांसावर जेवलेली गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. हिशेब असा निघाला की, मेलेल्या जनावरांपैकी एक टक्क्याहूनही कमी जनावरांत हे औषध असले, तरी गिधाडांचा एवढा ऱ्हास होण्यास ते पुरेसे होते. कारण एका जनावरावर एकाच वेळी अनेक गिधाडे जेवतात.

भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर बंदी आणली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ साली त्या कुपीचा आकार ३ मिलीलिटरपुरता मर्यादित करण्यात आला. २०२३ साली केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅक या औषधांचाही गुरांसाठीचा वापर थांबवण्यात आला.

किनाऱ्यावरची चार मूत्रपिंडे

गिधाडाला जे मारते, ते आपल्याला आराम कसे देते? याचे उत्तर शोधण्यासाठी रायगडच्याच किनाऱ्यावर थोडे फिरून यावे लागेल. खारे पाणी आणि शरीरातील कचरा यांचे काय करायचे, हा प्रश्न येथील प्रत्येक जीवापुढे आहे, आणि प्रत्येक वंशाने त्याचे उत्तर आपापल्या परीने शोधले आहे.

प्रथम वनस्पती पाहा. रेवदंडा, राजपुरी, बाणकोट या खाड्यांच्या काठी कांदळवने आहेत. झाडाला मूत्रपिंड नसते. पण मीठ तर झाडालाही सोसत नाही. कांदळ आपल्या मुळांशीच बहुतेक मीठ अडवून धरते. तिवर मीठ आत येऊ देते आणि पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकते. उन्हाळ्यात तिवराचे पान जिभेला लावले तर ते खारट लागते ते याचमुळे. विशेष म्हणजे कांदळ आणि तिवर ही एका घराण्यातील झाडे नव्हेत. वेगवेगळ्या कुळांतील झाडे स्वतंत्रपणे खाडीकाठी येऊन वसली आणि प्रत्येकाने मिठाशी निभावण्याची स्वतःची युक्ती घडवली. दुरून पाहणाऱ्याला सारे कांदळवन एकच दिसते. आतला कारभार मात्र वेगळा असतो.

आता कणा असलेल्या प्राण्यांकडे वळू. पापलेट किंवा सुरमई शरीरातील नायट्रोजनयुक्त कचरा अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे सरळ पाण्यात सोडून देते. भोवती अथांग पाणी असल्याने तिला ते परवडते. मोरीची, म्हणजे मुशीची, रीत निराळी. तिच्या रक्तात युरिया मुद्दाम साठवलेला असतो, त्यामुळे समुद्राचे खारे पाणी तिच्या देहातले पाणी ओढून घेऊ शकत नाही. मोरी शिळी झाली की तिला जो उग्र, नाकात चढणारा वास येतो, तो या युरियाचे जिवाणूंमुळे अमोनियात रूपांतर झाल्याचा असतो. मोरी ताजीच घ्यावी, हा आपल्या आज्यांचा दंडक अगदी शास्त्रशुद्ध होता.

हरिहरेश्वर, मारळ, दिवेआगर या किनाऱ्यांवर अंडी घालण्यास येणाऱ्या सागरी कासवाची मादी रडते आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. ते अश्रू दुःखाचे नसतात. डोळ्यांजवळील ग्रंथींतून जादा मीठ बाहेर पडत असते, कारण एवढे मीठ उपसण्याचे बळ तिच्या मूत्रपिंडात नाही.

पक्ष्यांचा मार्ग आणखी वेगळा. उडणाऱ्या देहाला पाण्याचे ओझे नको, म्हणून पक्षी तो कचरा युरिक आम्लाच्या रूपात, अगदी थोड्या पाण्यात, पांढऱ्या लगद्यासारखा बाहेर टाकतात. कावळ्याच्या विष्ठेतला पांढरा भाग हाच. यात पाणी वाचते; पण धोकाही आहे. युरिक आम्ल पाण्यात सहज विरघळत नाही. मूत्रपिंडाने काम थांबवले की ते थोड्याच अवधीत स्फटिक बनून अवयवांवर बसते. गिधाडाचे नेमके तेच झाले. डायक्लोफेनॅक त्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, मूत्रपिंडातील पेशी त्याच्या माऱ्याने जायबंदी होतात, आणि एक-दोन दिवसांत खेळ संपतो.

येथे निसर्गाचा एक नमुना पाहण्याजोगा आहे. अमेरिका खंडातही गिधाडे आहेत. तीही बोडक्या डोक्याची, मृत प्राण्यांवर जगणारी आहेत. पण वंश निराळा. आपली गिधाडे गरुड-घारींच्या कुळातली, तर अमेरिकेतील गिधाडे वेगळ्या कुळातली. एकच उद्योग करता करता दोघांचे रूप सारखे झाले. मात्र अमेरिकेतील टर्की व्हल्चर या गिधाडाला, आपल्या गिधाडांना मारणाऱ्या मात्रेच्या शंभरपटीहून अधिक डायक्लोफेनॅक दिले, तरी त्याला विषबाधा झाली नाही. रूप सारखे असले, तरी आतले रसायन सारखे असतेच असे नाही.

माणसाचे ऋण आणि वय

आपण सस्तन प्राणी. आपला मुख्य कचरा युरिया. तो पाण्यात विरघळतो आणि लघवीवाटे जातो. तरुण, निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक परत शोषून घेऊन लिटर-दीड लिटर लघवी तयार करतात. डायक्लोफेनॅकचा निचरा आपले शरीर काही तासांत करते. म्हणून ते आपल्याला औषध ठरते.

परंतु उत्क्रांतीच्या ओघात आपल्या पूर्वजांनी एक गोष्ट गमावली आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिक आम्लाचे आणखी विघटन करणारे एक विकर असते. कपींच्या आणि मानवाच्या समान पूर्वजांत, सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी, त्याचे जनुक निकामी झाले. त्यामुळे कुत्र्या-मांजरांच्या तुलनेत माणसाच्या रक्तात युरिक आम्ल अधिक असते. ते प्रमाणाबाहेर वाढले की पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात स्फटिक बनतात, आणि रात्री अचानक असा ठणका सुरू होतो की पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. यालाच गाऊट म्हणतात. गिधाडाच्या हृदयावर बसलेले स्फटिक आणि आजोबांच्या अंगठ्यातले स्फटिक एकाच पदार्थाचे असतात.

येथेच आपल्या विषयाचा मुख्य मुद्दा येतो. अंगठा ठणकला किंवा गुडघा धरला, की घरात असलेली वेदनाशामक गोळी घेतली जाते. चाळिसाव्या वर्षी तिने काही बिघडले नाही, म्हणून पंचाहत्तराव्या वर्षीही बिघडणार नाही, असे आपण गृहीत धरतो. पण मधल्या काळात मूत्रपिंड तेच राहिलेले नसते. चाळिशीनंतर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता बहुतेकांत हळूहळू उतरत जाते. मधुमेह आणि उच्च रक्तदाब असल्यास ती अधिक वेगाने उतरते. दोन प्राण्यांच्या मूत्रपिंडांत जसे अंतर असते, तसे एकाच माणसाच्या दोन वयांतील मूत्रपिंडांतही पडते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक ही एकाच गटातील औषधे होत. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती सूज आणि वेदना वाढवतात, म्हणून ही औषधे त्यांची निर्मिती रोखतात. पण तीच द्रव्ये मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या बारीक रोहिणीचे तोंड उघडे ठेवण्याचे कामही करतात. तरुण, पाणी व्यवस्थित पिणाऱ्या माणसाला ही मदत फारशी लागत नाही. वृद्ध, हृदय दुबळे असलेल्या किंवा अंगातले पाणी कमी झालेल्या माणसाचे मूत्रपिंड मात्र तिच्यावरच तगून असते. त्या वेळी गोळी घेतली की रक्ताचा ओघ घटतो आणि गाळण्याचे काम मंदावते.

त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या, म्हणजे रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारख्या, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांची भर पडली, तर धोका वाढतो. या दोन्ही गोळ्या हृदयासाठी आणि रक्तदाबासाठी अत्यंत मोलाच्या आहेत. त्या आपल्या मनाने कधीही बंद करू नयेत. दोष त्यांचा नाही. तीन औषधे एकत्र आल्याने मूत्रपिंडाकडे येणारे रक्त, त्यातला दाब आणि अंगातले पाणी या तिन्ही बाजूंनी एकाच वेळी ओढाताण होते. त्यात वैशाखातील घामाची धार किंवा पावसाळ्यातील जुलाब-उलट्यांची भर पडली, तर दोन-तीन दिवसांत लघवी कमी होणे, पायांवर सूज, ग्लानी, भूक जाणे, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसू लागतात. घरचे याला ‘अशक्तपणा’ म्हणतात आणि मोलाचा वेळ जातो.

एक विषाणू आणि रिकामे आकाश

गिधाडे गेली आणि मेलेली जनावरे पडून राहू लागली. गिधाडाच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की कित्येक रोगजंतू तेथे नष्ट होतात. त्याची जागा कुत्र्यांनी घेतली. त्यांची संख्या वाढली, आणि त्यांच्याबरोबर रेबीजचा धोकाही. इयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा अंदाज मांडला की, गिधाडांच्या ऱ्हासामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दूषित पाणी, सडणारे मांस आणि कुत्र्यांचे वाढते कळप ही त्याची कारणे.

पहिला संशय विषाणूवर होता, तो चुकीचा ठरला. पण अखेर विषाणू आलाच, तो मागच्या दाराने. रेबीजच्या विषाणूला ना पेशी, ना मूत्रपिंड. त्याचा सारा संसार अवघ्या पाच जनुकांचा. तो पक्ष्यांच्या फारसा वाटेला जात नाही. पण कुत्रा, कोल्हा, मांजर, गाय, वटवाघूळ, माणूस या साऱ्या सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंत त्याला शिरता येते, कारण या साऱ्यांचे मज्जातंतू एकाच जुन्या घडणीचे आहेत. औषधाच्या बाबतीत वंशातले अंतर जीवावर बेतते, तर या विषाणूच्या बाबतीत वंशातली जवळीक.

या विषाणूविषयी एक दिलासा देणारी गोष्ट आहे. फ्लूचा विषाणू आपले बाह्यरूप सतत बदलतो, म्हणून ज्येष्ठांना त्याची लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. रेबीजचा विषाणू त्या मानाने स्थिर आहे. त्यावरची लस वेळेत आणि पूर्ण घेतली तर खात्रीने संरक्षण देते. एकदा लक्षणे दिसू लागली, तर मात्र हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

ज्येष्ठांच्या मनात अजून ‘पोटात चौदा इंजेक्शने’ ही भीती असते. ती जुनी, मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली लस होती. भारतात तिचे उत्पादन २००४ अखेर बंद झाले. आजची लस दंडात किंवा त्वचेत देतात आणि तिच्या चार किंवा पाच खेपा असतात. कुत्रे चावले, नख लागले, किंवा जखमेवर त्याची लाळ पडली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्यानंतर त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जावे. जखम खोल असेल, तर लसीबरोबर जखमेत टोचायचे प्रतिद्रव्य लागते. ते तेथे नसेल तर कोठे मिळेल हे लगेच विचारावे. पहाटे फिरायला जाणाऱ्या आजी-आजोबांच्या हातात काठी असावी, आणि किरकोळ ओरखडाही त्यांनी घरच्यांपासून लपवू नये.

घरात काय करावे

आता पुन्हा मूत्रपिंडांकडे येऊ. जे वृद्धांची काळजी घेतात, त्यांनी एक काम या आठवड्यात करावे. घरातील सर्व गोळ्या एका ताटात काढाव्यात आणि पाकिटावरील बारीक अक्षरांतली औषधांची मूळ नावे भिंग लावून वाचावीत. वेगवेगळ्या नावांच्या दोन गोळ्यांत एकच वेदनाशामक असल्याचे पुष्कळदा आढळते. दातांच्या डॉक्टरांनी दिलेली, हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली आणि औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली गोळी एकाच गटातली निघते. ही यादी कागदावर लिहून नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावी.

वर्षातून किमान एकदा, आणि मधुमेह वा रक्तदाब असल्यास डॉक्टर सांगतील तितक्या वेळा, रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. केवळ क्रिएटिनिनच्या आकड्यावर निश्चिंत होऊ नये. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. कृश झालेल्या आजींच्या अंगावर स्नायूच कमी असतात, त्यामुळे मूत्रपिंड दुबळे होऊनही आकडा सामान्य दिसू शकतो. वय लक्षात घेऊन काढलेला गाळणीचा दर अहवालात दिलेला असतो. डॉक्टरांना तो समजावून सांगण्यास सांगावे.

वेदना सोसतच राहावे, असे येथे मुळीच सुचवायचे नाही. दुखणे अंगावर काढले तर हालचाल थांबते, झोप उडते आणि माणूस खचतो. गुडघेदुखीसाठी शेक, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजनावर ताबा, काठीचा आधार यांचा खरा उपयोग होतो. वरून लावण्याच्या मलमातून रक्तात जाणारे औषध गोळीच्या मानाने खूप कमी असते. पॅरासिटामॉल हे मूत्रपिंडाच्या दृष्टीने त्यातल्या त्यात सुरक्षित. मात्र तेही सांगितलेल्या प्रमाणातच घ्यावे, कारण जादा मात्रेने यकृताला इजा होते आणि सर्दी-तापाच्या पुष्कळ गोळ्यांतही तेच असते. नाव-गाव नसलेल्या, ‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेले असू शकते. त्यांपासून दूर राहावे.

जुलाब, उलट्या किंवा तीव्र ताप असताना वेदनाशामक गोळी घेऊ नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून रक्तदाबाच्या व लघवीच्या गोळ्यांचे काय करायचे हे विचारावे. म्हातारपणी तहान मंद होते; घसा कोरडा पडेपर्यंत थांबू नये, ठरावीक वेळी पाणी, पेज, सोलकढी द्यावी. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याची मर्यादा घालून दिली आहे, त्यांनी मात्र तीच पाळावी. युरिक आम्ल वाढलेल्यांनी तारली, मांदेली, काळीज आणि मद्य यांवर आवर घालावा. रक्तदाब असलेल्यांनी खारवलेली सुकी मासळी क्वचितच खावी.

ज्यांच्या गोठ्यात गुरे आहेत, त्यांच्यासाठी एक विनंती. गुरू आजारी पडले तर माणसांच्या औषधाची कुपी त्याला टोचू नये. पशुवैद्यकांकडे मेलॉक्सिकॅम मागावे. ते गिधाडांना अपाय करीत नाही, हे २००६ सालीच सिद्ध झाले आहे. मात्र गिधाडाला सुरक्षित म्हणून ते आजोबांच्या दुबळ्या मूत्रपिंडालाही सुरक्षित, असा अर्थ काढू नये. तेही त्याच गटातले औषध आहे.

म्हसळ्याची घरटी

रायगडातून गिधाड पूर्णपणे गेलेले नाही. जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान असलेले आणि १९८६ साली अभयारण्य झालेले फणसाड, तसेच म्हसळा व श्रीवर्धन तालुक्यांतील रान, हा गिधाडांचा कोकणातील उरलासुरला आसरा. म्हसळा तालुक्यातील चिरगाव परिसरात महाडच्या ‘सिस्केप’ या संस्थेने, प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकाराने, ग्रामस्थ आणि वनखाते यांना बरोबर घेऊन वर्षानुवर्षे गिधाडांची घरटी राखली आहेत; त्यांना निर्धोक खाद्य मिळावे म्हणून मेलेली जनावरे उपलब्ध करून दिली आहेत. ३ जून २०२० रोजी याच किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने नारळी-पोफळींच्या बागांबरोबर रानातले जुने, उंच वृक्षही आडवे केले. आणि पांढऱ्या पाठीचे गिधाड घरटे बांधते ते अशाच उंच झाडांवर.

गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, आणि पिल्लू मोठे होऊन स्वतः वीण घालण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. दहा-पंधरा वर्षांत जे गमावले, ते भरून येण्यास कित्येक पिढ्या जातील. मूत्रपिंडाचेही तसेच आहे. त्यातील गाळण्या जन्माला येताना जेवढ्या मिळतात तेवढ्याच. कायमची गेलेली गाळणी पुन्हा उगवत नाही. म्हणून दुखणे उठेल त्या रात्री डब्याकडे हात नेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: या गोळीचे मूळ नाव काय, आज अंगात पुरेसे पाणी गेले आहे काय, आणि आपल्या मूत्रपिंडांची शेवटची तपासणी केव्हा झाली होती. तिसऱ्याचे उत्तर आठवत नसेल, तर ती तपासणी याच पंधरवड्यात करून घ्यावी.